ताईचे सत्कार

आमच्या वऱ्हाडात एखाद्याला जेरीस आणायचं असेल तर त्याच्यावर खटला भरायची गरज नाही, त्याचा सत्कार करावा. खटल्यात निदान आपल्या बाजूनं बोलायला वकील मिळतो. सत्कारात माणसाला लाल मखमली खुर्चीत बसवतात, डोक्यावर फेटा, अंगावर शाल, मांडीवर नारळ, आणि मग जो उठेल तो त्याच्याबद्दल वाटेल ते बोलतो. घामाच्या धारा लागल्या तरी शाल काढायची नाही. काढली तर माणूस माजला म्हणतात.

माझी मोठी बहीण अकोल्यातल्या आमच्या कॉलेजची प्राचार्य झाली तेव्हा मी हे सगळं जवळून पाहिलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, राहते अमरावतीला. ताईचे यजमान वारलेले, मुलगा बंगलोरला. तेव्हा सत्काराला घरचं माणूस म्हणून मीच. सकाळची गाडी धरायची, अकोल्याला उतरायचं आणि पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या.

'आमचं कॉलेज' म्हणजे काय ते सांगते. धर्मांतरानंतर आमच्या लोकांनी उभं केलेलं ते कॉलेज. तेव्हा इतर कॉलेजांत आमच्या मुलांना प्रवेश कायद्यानं होता, बाकावर नव्हता. मग गावोगावच्या बायांनी मूठ मूठ ज्वारी गोळा केली, माणसांनी सुटीच्या दिवशी विटा वाहिल्या, आणि गावाबाहेर, जिथं दुसऱ्या कोणाला जमीन नको होती, तिथं चार खोल्या उभ्या राहिल्या. आम्ही दोघी बहिणी तिथंच शिकलो. अजूनही तिथं शिकायला येणारी मुलं त्याच घरांतली असतात: कोणाचे आईबाप नांदगाव पेठच्या कापडगिरणीत, कोणाचे शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या तोडणीवर. सेमाडोहकडच्या दोन कोरकू आदिवासी मुलीही होत्या. अकोल्यातली बरी माणसं या कॉलेजला 'त्यांचं कॉलेज' म्हणतात. हे 'त्यांचं' उच्चारताना तोंडाचा जो आकार होतो तो मी लहानपणापासून ओळखते.

ताईनं खुर्ची घेतली आणि आधी आमच्याच लोकांनी तिला गाठलं. आपली माणसं म्हणून मी त्यांना सोडणार नाही. एका वस्तीत तीन मंडळं, तिघांचं एकमेकांशी बोलणं नाही, म्हणून सत्कारही तीन. फ्लेक्सवर वर हात जोडलेले गॉगलवाले दहा-बारा भाऊ, आणि खाली कोपऱ्यात तिकिटाएवढी ताई. एका मंडळानं तर छापखान्यातला सरपंचाचा जुना फ्लेक्सच वापरला. त्यावर लिहिलेलं होतं, 'प्राचार्यपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. तो महिनाभर चौकात लटकत होता. जाणाऱ्या-येणाऱ्या कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. ताईनं तरी प्रत्येकाला हसून नमस्कार केला. त्यांचं प्रेम खरं होतं, हे मलाही कबूल आहे. फक्त अक्कल बेताची होती.

पण ताईचा जीव वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. आमच्या कॉलेजची रसायनशास्त्राची लॅब पावसाळ्यात गेली होती. स्लॅबचा तुकडा ओट्यावर पडला, गॅसची लाइन बंद करावी लागली, आणि विद्यापीठाची समिती येऊन सांगून गेली की इथं शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल घेता येणार नाहीत. यंदापुरती दुसऱ्या कॉलेजात सोय करा, तसं पत्र आणा, नाही तर पुढच्या वर्षापासून सायन्सचे प्रवेश बंद. नवी लॅब व्हायला वर्ष तरी लागणार होतं. सायन्स गेलं की तिथल्या मुलींचं काय होतं हे ताईला चांगलं ठाऊक होतं. शहरातल्या दुसऱ्या कॉलेजात त्या जात नाहीत, घरी जातात, आणि घरी गेलेल्या मुलीचं लग्न होतं.

सोय होण्यासारखी लॅब शहरात एकच होती. ती मोठ्या कॉलेजात, आणि त्याच कॉलेजात ताईनं सारी नोकरी काढली होती.

या मोठ्या कॉलेजाचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही. प्रत्येक गावात असं एक असतं. दगडी कमान, आत कडुलिंबाची रांग, भिंतीवर देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या. ताई तिथं राखीव जागेवर लागली. रसायनशास्त्र शिकवायची, आणि इतकं छान की दुसऱ्या तुकडीची पोरं तिच्या तासाला मागे उभी राहायची. पण विभागप्रमुख व्हायची वेळ आली की दर वेळी काही तरी निघायचं. एकदा ती रजेवर होती. एकदा नियम बदलला. शेवटी तिच्याहून कितीतरी वर्षांनी लागलेल्या सरांना खुर्ची मिळाली आणि ताईला सांगण्यात आलं, "मॅडम, तुम्हाला कशाला ती कटकट?" ती निवृत्तीच्या आधी बाहेर पडली आणि मुलाखत देऊन आमच्या कॉलेजात प्राचार्य झाली, तेव्हा तिथल्या स्टाफरूममध्ये म्हणे सगळ्यांना आनंद झाला. "बरं झालं, आपल्या माणसांत गेल्या."

लॅबसाठी ताई त्या कॉलेजात दोनदा जाऊन आली. विभागप्रमुख सरांनी चहा पाजला. "बघू, मॅनेजमेंटपुढे ठेवतो," म्हणाले. दुसऱ्या वेळीही चहाच पाजला. तिसऱ्यांदा फोन केला तर सर मीटिंगमध्ये होते, आणि ती मीटिंग बहुधा अजून चालू असावी.

आणि मग तिथूनच फोन आला. मॅनेजमेंटची इच्छा आहे की आपल्या संस्थेतून प्राचार्यपदापर्यंत पोचलेल्या मॅडमचा जाहीर सत्कार करावा.

मी त्या दिवशी अकोल्यातच होते. ताई भाकरी थापत होती. फोन ठेवून तिनं शांतपणे तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "जाऊ."

माझा भडका उडाला. "कायले जाऊन राहिली वं तिथं? ज्यायनं तुले उभ्या जन्मात खुर्ची नाही देली, त्यायच्या हातून शाल घेशीन?"

"मले लॅब पाह्यजे."

"मागितली तं देली का त्यायनं? चहा पाजला!"

"तू येतं का नाही ते सांग. नाही आली तं पहिल्या रांगेत दुसरं कोनी बसंल."

मी गेले. तिला त्या माणसांच्यात एकटी सोडायला माझं मन होईना.

ऑक्टोबर होता. अकोल्याचा ऑक्टोबर म्हणजे पंखा गरम हवा फक्त इकडून तिकडे ढकलतो. सभागृह भरलेलं दिसावं म्हणून मागे पोरं कोंबून बसवली होती, पुढे देणगीदारांची घराणी आणि एका बाजूला वर्तमानपत्रांचे दोन-तीन वार्ताहर. ताईला फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. मग कोणालाही न समजणारं एक स्मृतिचिन्ह दिलं, काचेचं, ज्योतीसारखं काहीतरी. देणाऱ्या पाहुण्यानं ते आधी उलटं धरलं होतं.

मग भाषणं. पहिले वक्ते म्हणाले, मॅडम आमच्यात इतकी वर्षं होत्या, पण त्या कधी वेगळ्या वाटल्याच नाहीत. टाळ्या. मी आजूबाजूला पाहिलं. कोणालाही हे वाक्य विचित्र वाटलं नव्हतं. माणूस वेगळा वाटला नाही हे माईकवरून सांगावं लागतं, म्हणजे तुम्ही रोज मोजूनमापून पाहत होतात की काय? दुसरे म्हणाले, आमच्या संस्कारात वाढलेलं रोप आता त्यांच्या समाजाला सावली देणार. या रोपाला यांनी पाणी कधी घातलं ते काही सांगितलं नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा फणा काढून डोलत असतो.

मानपत्र वाचायला विभागप्रमुख सर उठले. तेच, ज्यांना ताईची खुर्ची मिळाली होती. आवाज खणखणीत. "पदाचा मोह त्यांना कधी शिवला नाही. अनेकदा संधी असूनही त्यांनी ज्येष्ठतेचा आग्रह धरला नाही. अशी निःस्पृह, त्यागी वृत्ती आज दुर्मिळ आहे."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. चोरानं घर फोडावं आणि वर घरमालकाच्या दानशूरपणावर कविता म्हणावी, तसला हा प्रकार. ताईकडे पाहिलं तर ती फेट्याखालून हसत होती. फोटोवाल्याला हवं तसं.

शेवटी अध्यक्ष उठले. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे मोठी काळी जमीन, कापसाच्या दोन जिनिंग, पांढरेशुभ्र कपडे. मनानं वाईट नसावेत. त्यांच्यासारख्यांना वाईट व्हायची वेळच येत नाही, ते काम खालची माणसं परस्पर उरकतात. ते रंगात येऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही सासरी गेलात, पण हे तुमचं माहेर आहे. माहेरी लेक जशी हक्कानं मागते तसं मागा. हे दार तुम्हाला कधी बंद दिसणार नाही."

अशी वाक्यं आमच्याकडे प्रत्येक सत्कारात असतात. हाराबरोबर येतात आणि हाराबरोबर वाळतात. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, त्यानं कोणी पोट भरायचं नसतं. ऐकणाऱ्यानं हात जोडायचे, 'मी या प्रेमाच्या ऋणात राहीन' म्हणायचं आणि खाली उतरून समोसा खायचा, अशी रीत आहे.

सत्काराला उत्तर द्यायला ताई उठली. तिनं माईक थोडा खाली केला.

"अध्यक्षसाहेबांनी मला लेक म्हटलं. इतक्या लोकांसमोर म्हटलं, म्हणून मी ते खरंच धरते. माहेरहून लेकीला रिकाम्या ओटीनं पाठवत नाहीत. साहेब, माझ्या कॉलेजची लॅब पडली आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रॅक्टिकलसाठी जागा नाही. या कॉलेजची रसायनशास्त्राची लॅब रविवारी बंद असते. वर्षभरासाठी रविवारची ती लॅब मला द्या. मी दुसरं काही मागत नाही. विद्यापीठाला पत्र द्यावं लागेल, ते विभागप्रमुख सर उद्याच देतील. कारण मला आत्ताच कळलं की त्यांना माझ्याबद्दल किती आदर आहे."

मग मागे कोंबलेल्या पोरांपैकी कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळा मागचा भाग कडाडला. पोरांना सत्काराचे नियम ठाऊक नसतात. पुढच्या रांगांनाही मग वाजवाव्या लागल्या. वार्ताहर लिहीत होते. अध्यक्षांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं, विभागप्रमुखांनी छताकडे. छत त्यांचं शाबूत होतं. "अर्थात, अर्थात," अध्यक्ष म्हणाले आणि हात वर केला.

चहाच्या वेळी ते ताईजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, हे आधी सांगितलं असतं तर इथं मागायची वेळच आली नसती."

"आधी सांगितलं होतं, साहेब," ताई म्हणाली आणि समोसा खाल्ला.

पत्र मिळालं. पहिल्या रविवारी मी मुद्दाम गेले. आता त्या माणसांची उतरलेली तोंडं बघावीत एवढाच माझा हेतू होता, तो लपवत नाही. मुलं पांढरे कोट घालून कमानीखालून आत आली. मुली जास्त, मुलगे थोडे. कडुलिंबाच्या सावलीतून जाताना सगळी उगाचच हळू बोलत होती. विभागप्रमुख सर स्वतः हजर होते. चांगले बोलले. लॅब पुसून लख्ख केलेली होती.

खिडकीजवळ एक वेगळी फळी लावली होती. तिच्यावर बीकर, फ्लास्क, टेस्टट्यूब, ब्युरेट मांडून ठेवलेले, आणि प्रत्येक काचेला निळ्या रंगाची चिकटपट्टी लावलेली.

"हे तुमच्या मुलांसाठी," सर म्हणाले. "आमचं सामान कपाटात आहे, ते तसंच राहू दे. तुमचं वेगळं ठेवलं म्हणजे गोंधळ नको. फुटतूटही लगेच कळेल." आणि माझा चेहरा पाहून म्हणाले, "पट्टी निळी मुद्दाम नाही हं. बाजारात तीच मिळाली."

त्या माणसाला आपण काय केलं हे खरोखरच कळलं नव्हतं. तो माझ्याकडे पाहत होता तो शाबासकीच्या अपेक्षेनं. इतकी नीट सोय केल्याबद्दल आता आपलाही सत्कार होईल अशी त्याची मुद्रा होती. त्यांच्या घरात शतकानुशतकं भांडी अशीच वेगळी ठेवत आली, तेव्हा सोय म्हटली की हाताला तेच येणार. शिक्षणानं एवढाच फरक पडला की मातीच्या मडक्याच्या जागी काचेचा बीकर आला.

मुलं फळीपुढे उभी राहिली. एकीनं हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला. त्यांना कोणी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

मला वाटलं ताई बोलेल. आता तरी बोलेल. तिनं फळीवरचा एक बीकर उचलला, नखानं पट्टीचं टोक सोडवलं, पट्टी ओढून काढली, तिची गोळी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग दुसरा घेतला. सेमाडोहकडची एक मुलगी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिनं एक फ्लास्क घेतला. मग सगळीच आली. बराच वेळ लॅबमध्ये फक्त पट्ट्या ओढल्याचा चरचर आवाज येत होता. पट्टी निघालेली काच ताई उचलायची, कपाट उघडायची आणि कॉलेजच्या काचसामानात मिसळून ठेवायची. जरा मागे, जरा पुढे, हात जाईल तिथं.

विभागप्रमुख सर कासावीस झाले. "अहो मॅडम, मॅडम... आता ओळखायचे कसे?"

"ओळखायचे कायले?" ताई म्हणाली. त्या कॉलेजात इतकी वर्षं पुस्तकी मराठीत बोललेली माझी बहीण पहिल्यांदा वऱ्हाडीत बोलली. मग तिनं कपाटातून मिळतील ते बीकर काढून मुलांच्या हातात दिले आणि टायट्रेशन सुरू केलं.

तास संपल्यावर निघताना सर पुन्हा मूळ पदावर आले होते. "पुढच्या महिन्यात वर्धापनदिन आहे, मॅडम. दोन कॉलेजांतल्या या सलोख्याबद्दल मॅनेजमेंटला तुमचा सत्कार करायचा आहे." ताईनं वहीत तारीख लिहून घेतली.

स्टेशनवर ती मला सोडायला आली. गाडीला उशीर होता. बाकावर बसल्या बसल्या मी तिला सुनावलं, "आता जर तू त्यायच्या सत्काराले गेली तं माहं तोंड पाहू नको."

"जाईन. फिजिक्सची लॅब मागाची बाकी हाय अजून."

"तुले राग येत नाही का वं? मानूस हायेस का दगड? आज त्यायनं काय केलं पाह्यलं ना तू?"

"हे आजचं नोहे," ती म्हणाली. "मी रुजू झाली तवाच त्यायनं माहा पहिला सत्कार केला होता. पेढे देले, अन स्टीलचा गिलास देला. माह्या नावाचा. नाव घातलं होतं त्याच्यावर, मशीननं. स्टाफरूममधी माठाजवळ ठेवत. मले लय आनंद झाला होता. वाटलं, किती चांगली मानसं हायेत, नाव घालून गिलास देतात."

मला आठवलं. त्या दिवशी ती घरी धावत आली होती.

"मंग पुढच्या साली दुसऱ्या एक मॅडम लागल्या. त्यायलेही पेढे देले. मी वाट पाहून राहिली, यायले गिलास कवा देतात. कोनी नाही देला. त्या माठावरचाच गिलास घेऊन पानी पेल्या, सगळ्यायसारख्या." तिनं पदरानं मानेवरचा घाम पुसला. "त्या दिसापासून मले माहीत हाय. माह्या हातचा गिलास दुसऱ्यानं चुकून घेऊ नये म्हनून त्याच्यावर नाव होतं."

"अन तू त्याच्यातूनच पानी पेत राहिली?"

"मंग काय करू? घरी तुमी होते. तुह्यं डीएड व्हाचं होतं. तुले सांगितलं असतं तं तू तिथं येऊन भांडली असती. मी पेली ते पेली. माह्या पोरी नाही पेनार."

मला आमची आई दिसत होती. जिनिंगमधून आली की पायावरचा कापूस झटकत ओट्यावर बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगायची की माह्या पोरीचं कॉलेजात इतकं नाव हाय, की तिथं पानी प्याच्या गिलासावरही तिचंच नाव.

"आईले सांगितलं होतं?" मी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली. "तिले लय कौतुक होतं त्या गिलासाचं."